आमचे हे, अकरा मशिनं आणि जयगडची कॅसेट

आमच्या ह्यांचा धंदा काय, असं कोणी विचारलं की मी आधी पाणी पिऊन घेते. उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि एवढं सांगूनही ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. घड्याळं दुरुस्त करतात म्हटलं तर माणूस मान डोलावतो. रेडिओ म्हटलं तरी डोलावतो. घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतात म्हटलं की तो माझ्याकडे बघतो, मग ह्यांच्याकडे बघतो, आणि विषय आंब्याकडे नेतो.

तसे हे रेडिओचेच. पोस्टाने कोर्स केलेला, रत्नागिरीत झाडगावात घराच्या ओटीवरच दुकान. पण पंच्याऐंशी साली पावसचा एक गृहस्थ कुवेतहून सुटीवर आला तो रबरी बटणांची एक काळी पाटी घेऊन आला. टीव्हीला जोडायची, टेपरेकॉर्डरला जोडायची आणि कॉम्प्युटर म्हणायचं. आठ दिवसांत ती बंद पडली. ह्यांनी ती उघडली, आत बघितलं आणि त्या दिवसापासून ह्यांना भाजीत मीठ आहे की नाही हेसुद्धा कळेनासं झालं. आखाती देशांतून माणसं येत राहिली तशी मशिनंही येत राहिली. सत्याऐंशीपर्यंत जिल्ह्यात अकरा झाली. कॅलेंडरच्या पाठीवर ह्यांनी त्यांची यादी केली होती. कुठलं कुठे, कधी आजारी पडलं, काय दिलं. स्वतःच्या सासूची तब्येत ह्यांनी कधी एवढी लिहून ठेवली नाही.

मशीन काही दुकानात आणायचं नाही, असा मालकांचा हट्ट. एसटीत धक्का लागेल, दृष्ट लागेल, शेजारी बघतील. मग हेच जायचे. पिशवीत पेचकस, डाग द्यायचा कैया, स्पिरिटची बाटली, कापूस आणि माझी छत्री. आणि मी.

मी का, ते सांगते. मशीन नेहमी आतल्या खोलीत. आतल्या खोलीत घरातली सून, आणि तिचा नवरा आखातात. परका पुरुष तिथे तीन तास बसला की शेजारच्या बायकांना एकदम अंगण झाडायची आठवण होते. पहिल्या दोन घरांत हे बोलणी खाऊन आले, तेव्हापासून मला न्यायला लागले. मी मॅट्रिक आहे, इंग्रजी अक्षरं मला येतात, पण ह्यांना त्याचं काही नव्हतं. मी दारात बसून तांदूळ निवडत राहायचं, म्हणजे सगळं रीतसर दिसतं.

इतक्या घरांतून फिरून मी एवढंच शिकले की मशीन कधी बिघडत नाही. खेडजवळ लोटे गावी, कारखान्यातल्या एका फोरमनच्या घरी मशीन तासाभरात झोपायचं. ह्यांनी सगळं उघडून बघितलं, काही सापडेना. मी स्वयंपाकघरात गेले तर मशीनचा अ‍ॅडॅप्टर तिथे, आणि त्यावर विरजणाचं पातेलं. ऊब चांगली मिळते हो, बाई म्हणाल्या, दही काय लागतं! मग फोरमन टीव्हीसमोर बसले की तासाभराने त्या पातेलं उतरवायला अ‍ॅडॅप्टर काढायच्या. दापोलीजवळ मुरुडला एका आजीबाईंनी, वस्तू समुद्र ओलांडून आली म्हणून तिच्यावर गोमूत्र शिंपडलं होतं. शिंपडलं कसलं, ओतलं होतं. एके ठिकाणी फणस कापता कापता मध्येच उठून मालक खेळायला बसला, आणि चीक लागून एक बटण खाली गेलं ते वर आलंच नाही. दोन महिने त्याच्या मशीनमधलं विमान एकाच अंगाला वळत होतं आणि ते तसंच असतं अशी त्याची समजूत होती.

ह्यांचा सगळ्यांना एकच सल्ला. मशीनमधलं काही कॅसेटवर उतरवलंत की ती तिथल्या तिथे मशीनला परत वाचायला द्या. मशीन ठीक म्हणालं तरच कॅसेट डबीत घाला. हे वाक्य ह्यांनी इतक्या घरांतून इतक्या वेळा सांगितलं की एकदा झोपेत म्हणाले.

तर सत्याऐंशीच्या ऑक्टोबरात, दुपारी, जयगडचा मोरू डोर्लेकर ओटीवर येऊन उभा राहिला. घामाघूम.

"महिपतभाऊ," तो म्हणाला, "बाबूचा आवाज बिघडलाय."

बाबू म्हणजे त्याचा थोरला भाऊ, बहारीनला विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला. सुटीवर आला की हमखास आमच्या ओटीवर तासन्‌तास बसायचा.

"बाबू आलाय?" हे म्हणाले.

"नाय. बाबू थयच हाय. आवाज आलाय."

मग हळूहळू उलगडा झाला. बाबूने नेहमीप्रमाणे एका सुटीवर येणाऱ्या माणसाबरोबर कॅसेट पाठवली होती. पत्रं लिहायचा बाबूला कंटाळा. तो दोन-तीन महिन्यांनी एक कॅसेट बोलून पाठवायचा. ती आली की सगळी वाडी डोर्लेकरांच्या खळ्यात जमायची. बाबू एकेकाचं नाव घेऊन खुशाली विचारायचा, ज्याचं नाव येईल तो टेपरेकॉर्डरला उत्तर द्यायचा, बायका ठरल्या जागी डोळे पुसायच्या. या वेळी कॅसेट लावली आणि आतून नुसती किंकाळी आली. लांबच लांब. मग खरखर, मग पुन्हा किंकाळी.

"आयेन सोमवारी तार करायची ठरवल्यान," मोरू म्हणाला. "आई सीरियस म्हणून. त्याला बोलावून घेणार. तुमी चला, आवाज सरळ होतो काय बघा."

"बरोबर काही डबा आलाय का? काळी पाटी, रबराची बटणं?"

"आलाय की. तो कॅल्क्युलेटर देवाजवळ ठेवलाय."

हे उठले आणि कॅलेंडर उलटं करून अकराच्या खाली बारा लिहिलं. चेहरा असा की जणू घरात पाळणा हलला.

रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही जयगडला गेलो. खळ्यात सत्तर-ऐंशी माणसं. मध्ये पाटावर टेपरेकॉर्डर, त्याला झेंडूचा हार. आनंदीबाई, म्हणजे बाबूची आई, खांबाला टेकून बसली होती. चार दिवसांत कॅसेट अकरा वेळा ऐकून झाली होती आणि गावाने त्यात बराच अभ्यास केला होता. शेजारची गोदूबाई म्हणत होती की त्याला कोणीतरी धरलंय. गलबतावर उमेद घालवलेला एक म्हातारा तांडेल म्हणत होता की ही बुडत्या बोटीची खूण. कोणाचं म्हणणं, बाबू अरबी शिकलाय. आठव्या वेळेपासून लोकांना आत ओळखीचं ऐकू यायला लागलं होतं.

"हितं बघ, हितं," आनंदीबाई म्हणाली, "हितं माझा बाबू खोकला. त्याचाच खोकला तो."

देवळात कौलही लावून झाला होता. गुरवाने देवाला फुलाच्या कळ्या लावल्या आणि बाबू खुशाल असेल तर उजवी दे म्हणून गाऱ्हाणं घातलं. डावी पडली. त्यानंतर कोणाला शंका राहिली नव्हती.

ह्यांनी कॅसेट लावायला सांगितली. किंकाळी सुरू झाली. बायकांनी पदर तोंडाला लावले. हे मात्र डोळे मिटून, मान डोलावत, गाण्याला बसल्यासारखे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "वा! काय स्वच्छ आवाज आहे!"

ऐंशी माणसं ह्यांच्याकडे अशी बघत होती की परतीच्या गाडीपर्यंत आम्ही पोचू असं मला वाटेना.

"आनंदीकाकी, हा आवाज बाबूचा नाही," हे घाईने म्हणाले. "हे त्या मशीनचं खाणं आहे. मशीन हा आवाज खातं आणि मग टीव्हीवर अक्षरं दाखवतं."

"आवाज खातो?" आनंदीबाई म्हणाली.

"हो."

"मग चार दिस उपाशी ठेवलाव की त्याला! मेल्यांनो, सांगायचं नाय?"

आणि गाव शांत झालं. बाबू सात समुद्रापलीकडे विव्हळतो आहे यापेक्षा देवाजवळ ठेवलेला डबा भुकेला आहे, हे सगळ्यांना पटायला सोपं होतं. तार करायची नाही, हे तिथल्या तिथे ठरलं. मला बरं वाटलं. पण खांबामागे बाबूची बायको उभी होती, मथुरा. तिचा चेहरा तारेचं रद्द झाल्यावर उतरला. बाबू खुशाल आहे याचा आनंद झाला नसेल असं नाही. पण ती तार गेली असती तर तो आला असता. हे तिथे बाकी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मथुराचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. बाबू दोनदा सुटीवर आला, मिळून बावन्न दिवस. हा हिशेब तिने मला नंतर सांगितला, बोटं न मोजता. उत्तराची कॅसेट भरताना सगळी वाडी बोलायची, आनंदीबाई अर्धी बाजू एकटीच खायची, आणि सगळ्यात शेवटी मथुराच्या हातात टेपरेकॉर्डर यायचा. आजूबाजूला सत्तर माणसं कान देऊन. ती म्हणायची, "बरं आहे. तब्येत जपा." मग बटण बंद.

मशीन आतल्या खोलीत जोडलं. टेपरेकॉर्डरचं तोंड, म्हणजे फीत घासून जाते ते हेड, घाण झालेलं, आणि आमची स्पिरिटची बाटली एसटीत सांडलेली. शेवटी बाबूनेच पाठवलेल्या सेंटच्या फवाऱ्याने ह्यांनी ते पुसलं. मग खोलीत लग्नघराचा वास सुटला. खोलीत माणसं किती, तर भिंती दिसत नव्हत्या. कॅसेट सुरू झाली, टीव्हीच्या कडेने तांबडे-निळे पट्टे धावायला लागले. "लुगड्याचा काठ बघ गो," कोणीतरी म्हणालं. पहिल्यांदा मशीनला नीट वाचता आलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी ह्यांनी आवाज केसभर कमी केला आणि पडदा पांढरा होऊन अक्षरं उमटली. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी.

हे फक्त मथुरासाठी आहे, असं त्यावर होतं. दुसरं कोणी असेल तर बाहेर जा. महिपतभाऊ, तुम्हीसुद्धा.

त्या खोलीत ते वाचू शकणारी माणसं अडीच. हे, मी, आणि मोरू, जो नववीपर्यंत शिकला होता आणि एकेक अक्षर जोडत पडद्याकडे सरकत होता. त्याचं पहिलं अक्षर जुळतंय तोवर ह्यांनी टीव्हीचा उजेडाचा कान पिळला आणि पडदा काळा केला.

"काय झाला?" सगळे ओरडले.

"बाबू सगळ्यांशी बोललाय," हे म्हणाले. "खूप बोललाय. इथे गर्दीत वाचता येत नाही. चला खळ्यात, मी एकेकाचा निरोप सांगतो."

खोटं बोलायची ह्यांना सवय नाही. कान लाल झाले होते. पण लोक निरोपाच्या नावाने मेंढरांसारखे बाहेर पडले. राहिली आनंदीबाई. ती हलेना. "मी हितंच बसतंय. माझा पोर हाय तो."

आता माझी पाळी होती. मी टीव्हीत वाकून बघितल्यासारखं केलं. "काकी, पहिलंच वाक्य तुमच्यासाठी आहे. बाबू विचारतोय, महिपतभाऊंना चहा दिलात का?"

आनंदीबाईने कपाळावर हात मारला. सकाळपासून आम्हाला कोणी पाणीसुद्धा दिलं नव्हतं. "बहारीनात बसून कळला बघ त्याला!" म्हणत ती चुलीकडे पळाली.

दारातून जाता जाता हे माझ्या कानाशी आले. "पुढचं मी वाचायचं नाही असं लिहिलंय. तूही वाचू नकोस."

"मग तिला वाचून कोण दाखवणार? तांडेल?"

ह्यांनी विचार केला आणि दार ओढून घेतलं. अशा वेळी हे बरे असतात, वाद घालत नाहीत.

मथुराला मराठी चौथीपर्यंत येत होतं, इंग्रजी अक्षर एकही नाही. मी पडदा उजळला, तिला शेजारी बसवलं आणि वाचायला लागले. हळू आवाजात. बाहेर ह्यांचा आवाज येत होता, "तांडेल, तुम्हाला म्हणालाय गुडघ्याला तेल लावा."

बाबूने लिहिलं होतं: मथुरा, कॅसेटवर बोलतो तेव्हा सगळी वाडी असते. तुझ्याशी बोलायचं राहूनच जातं. दुकानातल्या केरळच्या मित्राने हे शिकवलं, तेव्हा मनात आलं की हे कोणाला ऐकू जाणार नाही. मालक अजून तीन वर्षांची सही मागतो. एकतीस डिसेंबरच्या आत करायची आहे. आईला वाटतं मी राहावं. मोरूला वाटतं. वाडीलाही वाटतं. तुला काय वाटतं ते मला माहीत नाही. चार वर्षांत मी विचारलंच नाही. मी परत येऊ का? होय असेल तर एच दाब. नको असेल तर एन दाब.

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. ह्यांनी मला आयुष्यात एवढंच विचारलंय की पेचकस कुठे ठेवलास.

"कुठचा दाबू?" मथुरा म्हणाली.

मी एच दाखवलं. तिने दाबलं. एवढ्या जोरात की पाटी टेबलावरून सरकली. पडद्यावर उमटलं: बरं. येतो.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू तो दारातच उभा आहे. मग माझ्याकडे वळली. "कळला त्यांना?"

आता काय सांगायचं? हे उत्तर त्याने महिन्यापूर्वीच लिहून ठेवलंय, तू इथे बटण दाबलंस ते तिकडे बहारीनला कळत नाही, तो अजून वाट बघत बसलाय. मी तसंच सांगितलं. ती ऐकत राहिली. पाटीकडे बोट करून म्हणाली, "मग एन दाबला असता तर?"

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि तिने एन दाबलं. अगदी हलकेच, चटका बसेल असं. पडद्यावर आलं: बरं. मग थांबतो. मला वाटलं होतं तू दुसरं दाबशील.

"बघा," मथुरा म्हणाली, "आधीच रुसून बसलेत."

आणि हसायला लागली. पदर तोंडात कोंबून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले. बाहेर हे गोदूबाईला सांगत होते की बाबूने तिच्या कुळथाच्या पिठीची आठवण काढलीय, आणि कोणालातरी सांगत होते की कौलं बदलून घ्या.

मी दार किलकिलं करून ह्यांना बोलावलं. उत्तर पाठवायचंय, म्हटलं. हे आत आले, पडद्याकडे न बघता, म्हणजे मान भिंतीकडे आणि हात मशीनवर, अशा अवस्थेत त्यांनी मशीन तयार करून दिलं. जे दाबाल ते पडद्यावर येईल, झालं की हे बटण दाबा, कोरी कॅसेट घालून टेपरेकॉर्डर सुरू करा, सगळा पडदा कॅसेटवर उतरेल. "आणि उतरला की मला हाक मारा. परत वाचून बघितल्याशिवाय कॅसेट द्यायची नाही." मग पुन्हा बाहेर. अजून तीस माणसांचे निरोप बाकी होते.

"काय लिहायचं ते सांग, मी दाबते," मी मथुराला म्हटलं.

"नको. अक्षर दाखवा नुसता."

तिने आधी विचारलं, ब कसला. मी दाखवला. मग आ. मग पुन्हा ब. मग उ. चौथं अक्षर उमटलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ती नवऱ्याचं नाव लिहीत होती. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेते तेवढंच, तेही लोक हट्ट धरतात म्हणून. मीही कधी घेतलेलं नाही, आणि ह्यांना त्यात काही कमी वाटत असेल असं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मथुरा त्या चार अक्षरांकडे बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आता या लिहायचं." मी दोन अक्षरं दाखवली. बाबू या. एवढंच. मोठ्या पांढऱ्या पडद्यावर वर एका कोपऱ्यात.

तिने बटण दाबलं, मी टेपरेकॉर्डर सुरू केला. पट्टे धावायला लागले, धावत राहिले, आणि टीव्ही एकदम मिटला. लाइट गेली. टेपरेकॉर्डर सेलवर होता, तो आपला फिरत होता.

हे आले. सगळं उतरलं होतं की शेवटचं राहिलं, मला सांगता येईना. "लाइट आली की परत लिहा," हे म्हणाले. "मशीनच्या डोक्यातून सगळं गेलंय. तपासता येत नाही तोवर कॅसेट द्यायची नाही."

"लाइट उद्या सांजेला येईल," मथुरा म्हणाली. "आणि मी परत लिवणार नाय. एकदा लिवला तो लिवला. परत बसले तर दुसराच काय तरी लिवीन."

"काय लिवशील?" मी विचारलं.

"तब्येत जपा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कॅसेट डबीत घाला.

पण डबीत इतक्यात कुठली जायला! जाणारी कॅसेट सगळ्यांनी ऐकल्याशिवाय जयगड सोडत नाही. खळ्यात पाटावर टेपरेकॉर्डर ठेवला, मथुराची बाजू लावली. चाळीसेक सेकंद किंकाळी. संपल्यावर आनंदीबाई सुनेकडे वळली.

"एवढा बोलली?" ती म्हणाली. "घरात चार शब्द मोजून बोलते!"

सगळ्यांनी मथुराकडे बघितलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती, पण मला तिचे लाल झालेले कान दिसत होते. पडद्यावर एक अक्षर असो की हजार, किंकाळी चाळीसच सेकंद चालते, हे मला ह्यांनी परतीच्या गाडीत सांगितलं. तिथे नाही सांगितलं हे देवाची कृपा. दुसऱ्या बाजूवर वाडीने आपापली उत्तरं भरली. गुडघ्याला तेल लावतोय, पिठी पाठवते, कौलं पुढच्या महिन्यात बदलतो. बिचाऱ्या बाबूने यातलं काहीच विचारलं नव्हतं.

त्यानंतर दोन-अडीच महिने ह्यांचं काही खरं नव्हतं. जेवता जेवता थांबायचे. "तपासायला हवी होती." मी विचारायचे, काय झालं असेल तुमच्या मते? "तोंड सेंटनं पुसलेलं," हे म्हणायचे. "काहीही झालं असेल." डिसेंबर संपला. मी रोज कॅलेंडर बघत होते, आणि तिने काय लिहिलं होतं ते ह्यांना सांगत नव्हते. ह्यांनीही विचारलं नाही.

जानेवारीच्या मध्यावर, भर दुपारी, एक माणूस दोरीने बांधलेल्या दोन बॅगा घेऊन ओटीवर आला. दाढी वाढलेली. मी आधी ओळखलंच नाही.

"महिपतभाऊ," बाबू म्हणाला आणि खिशातून कॅसेट काढली. "ही आधी वाचून द्या. मग घरी जातो."

"तुम्ही वाचली नाहीत?" मी विचारलं.

"वाचता येत नाही, वहिनी. मित्राच्या मशीनवर शंभर वेळा लावली. चुकलं, चुकलं, एवढंच म्हणतं. दुसरी बाजू ऐकली. त्यात तांडेल म्हणतो तू सांगितलंस म्हणून तेल लावतोय. गोदूकाकी म्हणते पिठी पाठवते. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. म्हटलं गावाचं डोकं फिरलंय की माझं." तो बाकावर बसला. "एकतीस तारखेला मालकाने कागद पुढे केला. माझ्या मनात आलं, सही केली तर तीन वर्षं ही कॅसेट न वाचता काढावी लागेल. मी पेन खाली ठेवलं."

"आणि तिने नको लिहिलं असेल तर?" हे म्हणाले. ह्यांना कधी काय विचारावं ते कळत नाही.

"तेच बघायचंय," बाबू म्हणाला.

ह्यांच्या डोळ्यांत चमक आली. अडीच महिन्यांचं ओझं होतं, ते उतरवायची संधी समोर होती. पेचकस हातात आला, टेपरेकॉर्डर पुढे ओढला. "तुमच्या तिकडच्या टेपचं तोंड वाकडं असणार. हा स्क्रू अर्धा फेरा फिरवला की पाच मिनिटांत..."

मी कॅसेट ह्यांच्या हातातून काढून घेतली.

"जिने लिहिलंय ती जयगडला आहे," मी म्हटलं. "साडेतीनची गाडी आहे. तिला विचारा. तोंडाने."

"वहिनी, तुम्ही तिच्याबरोबर खोलीत होतात, असं आई कॅसेटवर म्हणाली. होय की नको, एवढं तरी सांगा."

"मी काही मशीन नाही, बटण दाबलं की सांगायला." मला त्याचा राग येत होता, आणि ह्यांचा, आणि एवढ्या लांबून येऊनसुद्धा बायकोच्या तोंडावर विचारायची हिंमत न होणाऱ्या सगळ्या पुरुषजातीचा. "सव्वातीन वाजलेत."

बाबू उठला. बॅगांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि रिकाम्या हाताने धावत सुटला. वळणावर जाऊन परत ओरडला, "नको म्हणाली तर?"

"तर शेवटच्या गाडीने परत या," मी ओरडले. "तोवर हे कॅसेट वाचून ठेवतील."

हे संध्याकाळी स्टँडवर जाऊन उभे राहिले. जयगडहून शेवटची गाडी आली, सगळी माणसं उतरली, त्यांत बाबू नव्हता. त्याच्या बॅगा आमच्या ओटीवर चार दिवस पडून होत्या. पाचव्या दिवशी मोरू येऊन घेऊन गेला. कॅसेटचं मात्र कोणी नाव काढलं नाही.